विज्ञानवार्ता : किलोभर वजनाचा उपग्रह

गेल्या महिन्याच्या टपालात इंदूरच्या एका वाचक-भगिनींचे पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. त्यांचा मुलगा दक्षिणेकडील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी तेथील विद्यार्थ्यांच्या एका मंडळात तो सामील झाला आणि तेव्हापासून त्याची सुटी, झोप आणि घरच्यांशी होणारे बोलणे या सर्वांवर एका उपग्रहाने कब्जा केला आहे. गेल्या दिवाळीस तो घरी आला नाही. 'उपग्रह उघडून टेबलावर पसरला आहे, तसाच टाकून येता येत नाही,' असे त्याने कळवले. केवढा आहे रे तुमचा उपग्रह, असे आईने विचारता तो म्हणाला, आपल्या चहाच्या डब्याएवढा; वजन किलोभर. भगिनी लिहितात : "मी काही विज्ञान शिकलेली नाही. पण एवढ्याशा डब्याने कोणाचे काय काम होणार, हे मला कळत नाही. हा खेळ आहे की काम? आणि तो वर जाऊन बंद पडला, तर पोराची ही वर्षे कोणत्या खात्यात मांडायची?"

खाजगी पत्राने उत्तर देऊन हा विषय संपवता आला असता. परंतु आज देशातील अनेक महाविद्यालयांतून, क्वचित शाळांतूनही, असे डबे तयार होत आहेत. तेव्हा असाच प्रश्न इतरही घरांतून विचारला जात असणार. म्हणून वाचकहो, या महिन्याचे सदर त्या चहाच्या डब्यासाठी.

आधी नावाविषयी दोन शब्द. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला तो मोह आवरत नाही. इंग्रजीत या उपग्रहास 'क्यूबसॅट' म्हणतात. त्याचे 'घनोपग्रह' असे रूपांतर आम्ही एकदा कागदावर लिहून पाहिले आणि लगेच खोडले. कारण घन म्हणजे ढग असे समजून कोणी पावसाची चौकशी करावयाचा! शास्त्रज्ञ एक ते दहा किलो वजनाच्या उपग्रहांना 'नॅनो' उपग्रह म्हणतात. आपण येथे साधे 'लहान उपग्रह' म्हणू. मोठा उपग्रह म्हणजे काय, याचा अंदाज असावा म्हणून सांगतो, की आपल्या देशाचा पहिला उपग्रह 'आर्यभट' १९७५ साली वर गेला, तो ३६० किलोंचा होता. आणि दूरदर्शन व दूरध्वनी यांसाठी वापरले जाणारे उपग्रह कित्येक टनांचे असतात.

आता मुख्य गोष्ट. अवकाशात पाठवावयाच्या यंत्राची परीक्षा जमिनीवर घेता येते, पण पुरी घेता येत नाही. निर्वात कोठीत ठेवून ते तापवतात, गोठवतात. उड्डाणाच्या वेळी बसणारे हादरे सोसेल की नाही हे पाहण्यासाठी कंपन-मेजावर ठेवून गदगदा हलवतात. हे सर्व आवश्यकच आहे. तथापि पृथ्वीपासून पाचशे किलोमीटर उंचीवर फिरणारी वस्तू दर सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर धावत असते आणि साधारण पंचाण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. म्हणजे आपल्या एका दिवसात तिच्या वाट्याला पंधरा दिवस आणि पंधरा रात्री येतात. प्रत्येक दिवशी ती तापते, प्रत्येक रात्री गारठते. हवा नसल्यामुळे वंगणाचे तेल उडून जाते. एकाच जातीचे स्वच्छ धातू एकमेकांना घासले तर चिकटून बसण्याची भीती असते. सूर्याकडून आणि त्याही पलीकडून येणारे वेगवान कण यंत्राच्या स्मरणपेटीतून आरपार जातात, आणि जाताजाता एखाद्या शून्याचा एक करून ठेवतात. हिशेबाच्या वहीत असा एक आकडा रात्रीतून आपोआप बदलला तर काय गोंधळ होईल, हे दुकानदारास विचारावे! या सगळ्या गोष्टी एकाच वेळी, महिनोन्‌महिने आणि वजनरहित अवस्थेत घडवून आणील अशी प्रयोगशाळा पृथ्वीवर नाही.

त्यामुळे नवीन यंत्राची गत आपल्या जुन्या म्हणीसारखी होते : लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. शेकडो कोटींचा उपग्रह बांधणारा अधिकारी साहजिकच म्हणतो, 'तुमची ही नवी बॅटरी, नवा रेडिओ अवकाशात कधी चालला आहे काय? नाही ना? मग तो आधी कोठे तरी चालवून दाखवा.' आणि कोठेच संधी न मिळाल्यामुळे तो बिचारा रेडिओ कपाटात जुना होत जातो. यात अधिकाऱ्याला बोल लावण्याचे कारण नाही. वर गेलेले यंत्र खाली आणून दुरुस्त करता येत नाही. एका कच्च्या बटणामुळे सगळा उपग्रह आंधळा झाला, तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणूनच मोठ्या उपग्रहांवर पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, पण पारखलेली यंत्रे दिसतात.

ही गाठ सोडवण्याचा मार्ग अवकाशयुगाच्या अगदी पहिल्या वर्षात दिसला होता, ही यातील मौज. मार्च १९५८ मध्ये अमेरिकेने 'व्हॅनगार्ड-१' नावाचा उपग्रह सोडला. तो जेमतेम दीड किलोचा आणि साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा, पपनसाएवढा होता. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्याची याच फळावरून थट्टा केली. त्यांच्या पहिल्या स्पुटनिकचे वजन ८३ किलोंहून अधिक होते, तेव्हा थट्टा शोभणारीच होती. परंतु त्या पपनसाच्या सालीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे सहा लहान घट चिकटवलेले होते. अवकाशात असे घट तोवर कोणीच चालवून पाहिले नव्हते. उपग्रहात दोन प्रेषक होते. एक बॅटरीवर चालणारा, दुसरा या सौरघटांवर. बॅटरीचा प्रेषक जून १९५८ मध्येच मुका झाला. सौरघटांवरचा १९६४ च्या मे महिन्यापर्यंत बोलत राहिला. आज आपल्या डोक्यावरून फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपग्रहाला जे निळसर पंख असतात, त्यांची पहिली परीक्षा त्या दीड किलोने दिली.

पुढे मात्र उपग्रह वाढत गेले. अग्निबाण मोठे झाले, कामे मोठी झाली, आणि लहान उपग्रह हौशी मंडळींपुरता उरला. तो पुन्हा आला १९९९ साली, आणि तोही शाळेच्या वर्गातून. कॅलिफोर्नियातील दोन प्राध्यापक, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज आणि सॅन लुईस ओबिस्पो येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी, यांच्यापुढे अडचण अगदी मास्तरांचीच होती : विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, तरी त्याच्या हातचा उपग्रह पुरा होत नाही. म्हणून उपग्रहच लहान करावा, असे त्यांनी ठरवले. किती लहान? दुकानात कापडी बाहुल्या ठेवण्यासाठी प्लॅस्टिकचा एक चौकोनी डबा मिळे. ट्विग्ज यांनी तो आणून त्यावर सौरघट मावतात का ते पाहिले. त्यातून दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असे माप निघाले आणि वजनाची मर्यादा मुळात एक किलो ठरली. अधिक जागा हवी असेल तर असे दोन, तीन किंवा सहा डबे एकमेकांस जोडावयाचे.

आमच्या मते या दोघांची खरी करामत डब्यात नसून डब्याच्या पेटीत आहे. कोणत्याही मोठ्या उपग्रहाचा मालक आपल्या शेजारी विद्यार्थ्यांचे यंत्र बसू द्यावयाला तयार होत नाही. त्याचा एखादा स्क्रू सुटला तर काय घ्या! म्हणून त्यांनी एक बंद धातूची पेटी केली. आत तीन डबे एकामागे एक बसतात, मागे स्प्रिंग असते आणि पुढे दार. मोठा उपग्रह आपल्या कक्षेत गेला की दार उघडते, स्प्रिंग ढकलते आणि डबे अलगद बाहेर पडतात. तोवर आत कितीही गडबड झाली तरी पेटीबाहेर काही जात नाही. शिवाय माप सर्वांचे एकच असल्यामुळे टोकियोचा डबा रशियाच्या अग्निबाणावर आणि पुण्याचा श्रीहरिकोट्याच्या अग्निबाणावर सारख्याच सोयीने बसतो. अग्निबाणाच्या क्षमतेत थोडीबहुत जागा जवळजवळ नेहमीच शिल्लक राहते. मालाच्या गाडीत कोपरा मोकळा दिसला की ओळखीचा माणूस एखादे बोचके ठेवून देतो, तसे हे प्रवासी जातात. भाडे लागते, पण पुऱ्या गाडीचे लागत नाही.

डब्याच्या आत काय असते, हे ऐकून गृहिणींना हसू येईल. पुष्कळ लहान उपग्रहांचा आकाशतंतू, म्हणजे अँटेना, सुताराच्या पोलादी मापपट्टीचा केलेला असतो! ती पट्टी दुमडून डब्याभोवती नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. वर गेल्यावर एक बारीक तार तापून दोरा वितळवते, आणि पट्टी आपल्या स्वभावाप्रमाणे टणकन सरळ होते. एका डब्याच्या पाठीवरच्या सौरघटांपासून मिळणारी वीज एक-दोन वॉट, म्हणजे देवघरातल्या रात्रीच्या दिव्याहूनही कमी. एवढ्या शिधासामग्रीत रेडिओ, गणकयंत्र आणि प्रयोग, सर्वांनी भागवावयाचे. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने तर बाजारात मिळणारे खिशातले दूरध्वनीच डब्यांत बसवून असे तीन उपग्रह वर पाठवले. सुट्या भागांची किंमत एकेकी साडेतीन हजार ते सात हजार डॉलर होती. ते आठवडाभरच फिरले. पण दुकानातल्या दूरध्वनीचे गणकयंत्र अवकाशात चालते, हे कळले. आणि ते कळावे एवढाच त्यांचा हेतू होता.

तथापि भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाला आम्हांला सर्वांत उपयोगी पडते ती मंगळाची हकीकत. ती थोडी सविस्तर सांगतो.

मे २०१८ मध्ये 'इनसाइट' नावाचे एक यान मंगळावर उतरावयास निघाले. त्याचा सर्व खर्च ऐंशी कोटी डॉलरांच्या घरात होता. मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंतची सात मिनिटे कोणत्याही यानाची जीवघेणी असतात, आणि तेवढ्याच वेळात काय घडते आहे ते पृथ्वीवर कळणे सर्वांत अवघड. उतरणारे यान ज्या प्रकारच्या रेडिओवर बोलते त्याचा आवाज क्षीण असतो. तो मंगळाभोवती आधीपासून फिरणाऱ्या यानाने ऐकावयाचा, आणि मग आपल्या शक्तिमान रेडिओवरून पृथ्वीला सांगावयाचा. परंतु त्या वेळी तेथे असलेल्या यानाला एका कानाने ऐकता ऐकता त्याच वेळी दुसरीकडे बोलता येत नसे. ते ऐकून लिहून ठेवणार आणि काही तासांनी सांगणार, अशी व्यवस्था होती.

येथे कोणीतरी म्हटले, की ऐकता ऐकता बोलणारा एक नवा लहान रेडिओ तयार आहे. तो दोन डब्यांत घालून इनसाइटच्याच अग्निबाणावर पाठवून पाहू. या जोडीचे नाव 'मार्को'. साडेतेरा किलोंचा एकेक, प्रवासी हातपेटीएवढा. दोघांवर मिळून खर्च एक कोटी पंच्याऐंशी लाख डॉलर. आपल्या दृष्टीने मोठा, पण इनसाइटच्या मानाने चटणीकोशिंबिरीएवढा. तोवर असा कोणताही डबा पृथ्वीचा परिसर सोडून गेलेला नव्हता. त्यांच्यावर पारखावयाच्या वस्तू तीन होत्या : तो रेडिओ, घडी उघडून पसरणारा एक सपाट पत्र्यासारखा अँटेना, जो वाटोळ्या थाळीचे काम करणार होता, आणि दिशा बदलण्यासाठी लहान फवारे. फवाऱ्यांसाठी जो वायू वापरला तो आगी विझवण्याच्या नळकांड्यांत वापरतात तोच. त्यामुळे एका बोलपटात अशा नळकांड्याच्या फवाऱ्यावर अवकाशात तरंगणाऱ्या यंत्रमानवाची आठवण होऊन अभियंत्यांनी या जोडीला त्या चित्रपटातील नायक-नायिकेची, 'वॉल-ई' आणि 'ईव्ह' अशी नावे ठेवली.

आता यातील मर्माची गोष्ट पाहा. इनसाइटचे उतरणे या डब्यांवर अवलंबून ठेवलेले नव्हते. दोन्ही वाटेत बंद पडले असते, तरी यान उतरलेच असते. बातमी काही तास उशिरा आली असती, इतकेच. नव्या वस्तूची परीक्षा घ्यावी, पण तिच्यावर संसार टांगू नये, हे पथ्य तेथे काटेकोर पाळले गेले. आणि परीक्षा काही सुखाची झाली नाही. वॉल-ईच्या फवाऱ्याची एक झडप गळू लागली. थेंबाथेंबाने निसटणारा वायू डब्याला सारखा एका बाजूस वळवी आणि अभियंत्यांना सारखे त्याला सावरावे लागे. तशाही स्थितीत दोघे साडेसहा महिने चालत राहिले. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी इनसाइट मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा वॉल-ई आणि ईव्ह वरून जात होते. यानाचा एकेक शब्द त्यांनी ऐकला आणि त्याच क्षणी पुढे पाठवला. तो शब्द सुमारे १४ कोटी ६० लाख किलोमीटर ओलांडून आठ मिनिटांनी पृथ्वीवर पोहोचला. इनसाइटने घेतलेले मंगळभूमीचे पहिले छायाचित्रही याच डब्यांच्या हातून आले. दोघेही तेथे थांबणारे नव्हते. ते मंगळाला मागे टाकून पुढे निघून गेले. डिसेंबरच्या अखेरीस वॉल-ई, आणि जानेवारी २०१९ च्या पहिल्या आठवड्यात ईव्ह अबोल झाली. आज ते दोन मूक डबे सूर्याभोवती फिरत आहेत. परंतु २०२२ साली एका लघुग्रहावर मुद्दाम यान आदळवले गेले, तेव्हा त्या टकरीची छायाचित्रे घेण्यासाठी इटलीचा चौदा किलोंचा उपग्रह निर्धास्तपणे सोबत नेण्यात आला. चार वर्षांपूर्वी ज्याला 'पाहू जमते का' म्हणत होते, त्याला आता नेमून दिलेले काम मिळाले होते.

आपल्याकडेही ही रीत रुजली आहे. बंगळूर आणि हैदराबाद येथील सात महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेला 'स्टडसॅट' जुलै २०१० मध्ये वर गेला. तो एक किलोपेक्षाही हलका होता. जून २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' गेला. त्याचेही वजन किलोच्या आतबाहेर. त्याची कल्पना आम्हांला विशेष आवडते, कारण ती फार साधी आहे. उपग्रहाचे तोंड एका दिशेस धरून ठेवण्यासाठी सामान्यतः फिरती चाके, फवारे आणि वीज लागते. स्वयममध्ये एक कायम लोहचुंबक ठेवला होता. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, तसा तो चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला अनुसरून सगळ्या उपग्रहाला वळवणार, आणि विशिष्ट धातूच्या काही कांड्या त्याचे डोलणे हळूहळू शांत करणार. वीज मुळीच नको. ज्याच्या घरी एक वॉटाची चणचण, त्याला ही काटकसर सुचावी यात नवल ते काय? याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेचा दहा किलोंचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉन मोजण्याचे काम त्याच्याकडे होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या एका अग्निबाणाने एकशे चार उपग्रह एका फेरीत सोडले, ही बातमी सर्वांनी वाचली असेल. त्या गर्दीत आपल्या अवकाश-संशोधन संघटनेचे स्वतःचे दोन लहान उपग्रह होते, दोन्ही दहा किलोंच्या आतले. त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्यांपैकी एकावर एक उपकरण होते, ज्याचे काम एवढेच, की वेगवान कणांमुळे स्मरणपेटीतले आकडे किती वेळा बदलतात ते मोजावे. वर ज्या दुकानदाराच्या वहीची गोष्ट सांगितली, तीच ही वही. तिच्यातल्या चुका मोजणारा कारकून मुद्दाम वर पाठवलेला. शिवाय २०२२ च्या जूनपासून आपल्या अग्निबाणाचा चौथा टप्पा, जो पूर्वी काम संपल्यावर नुसता भंगार म्हणून फिरत राही, त्यालाच सौरघट लावून आणि स्थिर धरून प्रयोगांचा फिरता ओटा करण्याची पद्धत सुरू झाली आहे. ज्याला डबाही परवडत नाही, त्याने आपले उपकरण त्या ओट्यावर मांडावे.

भंगाराचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयीचा आक्षेप टाळून पुढे जाणे बरे नाही. लहान उपग्रह स्वस्त झाले म्हणजे ते भारंभार होणार, आणि मेल्यावरही वर फिरत राहून इतरांच्या वाटेत येणार, ही भीती खरी आहे. ज्या व्हॅनगार्डचे आम्ही एवढे कौतुक केले, तो मुका झाल्यालाही साठ वर्षे उलटली. तो अजून वरच आहे आणि शतकाहून अधिक काळ तेथून हलणार नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२२ साली नियम केला, की खालच्या कक्षांतील उपग्रह काम संपल्यापासून पाच वर्षांच्या आत खाली आले पाहिजेत. यावर तोडगा शोधण्याचे कामही एका डब्यानेच केले, आणि त्याची कथा धीर धरण्यासारखी आहे. पावाच्या लादीएवढ्या डब्यात दहा चौरस मीटरचे तलम शीड घडी करून भरावयाचे. वर गेल्यावर ते उघडले, की त्या उंचीवरच्या विरळ हवेचाही त्याला विरोध होऊन उपग्रह लवकर खाली येतो, अशी 'नॅनोसेल-डी'ची कल्पना होती. ऑगस्ट २००८ मध्ये अग्निबाणच फसला आणि डबा गेला. सुदैवाने त्याचा जुळा भाऊ राखून ठेवला होता. तो नोव्हेंबर २०१० मध्ये कक्षेत पोहोचला. डिसेंबरात त्याला पेटीबाहेर काढण्याची आज्ञा दिली, तर तो बाहेरच येईना! सहा आठवडे सर्वांनी आशा सोडल्यावर, १७ जानेवारी २०११ रोजी स्वारी आपल्या मर्जीने बाहेर पडली. तीन दिवसांनी शीड उघडले; जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी त्याचा आवाज ऐकण्यास मदत केली. आणि सप्टेंबरात तो ठरल्याप्रमाणे वातावरणात जळून गेला. ज्याचे यश जळून जाण्यात होते, असा हा विरळा उपग्रह.

आता भगिनींचा तिसरा प्रश्न. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यालाच उत्तर देणे जड जाते. बंद पडला तर?

आपल्याकडे म्हण आहे : गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. लहान उपग्रहांचे पुरस्कर्ते नेमके हेच सांगतात, आणि खजिनदाराच्या बाजूने ते बरोबर आहे. दहा डबे गेले तरी एका मोठ्या उपग्रहाइतके नुकसान होत नाही. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले, तर ती पुंगी मोडून खाता येत नाही. ३० जून २००३ रोजी या मापाचे पहिले सहा डबे एकाच रशियन अग्निबाणावरून गेले. टोकियोच्या विद्यार्थ्यांचे दोन पुढे वर्षानुवर्षे बोलत राहिले. कॅनडाच्या एकाचा आणि डेन्मार्कच्या एकाचा आवाज कोणी कधीच ऐकला नाही. जुलै २००६ मध्ये तर एका अग्निबाणाच्या अपघातात चौदा डबे एकदम गेले. त्यांत त्या डब्यांचा काही दोष नव्हता. आणि आपल्याच देशात, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंच्याहत्तर शाळांतील साडेसातशे मुलींनी ज्याचे लहान लहान भाग जुळवले होते तो आठ किलोंचा 'आझादीसॅट' एका नव्या लहान अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात गमावला. उड्डाण छान झाले, पण अखेरच्या क्षणी कक्षा चुकली. तिचे खालचे टोक पृथ्वीपासून अवघ्या ७६ किलोमीटरांवर आले. तेथे हवा आहे, तेथे उपग्रह टिकत नाही. मुलींपैकी कित्येकजणी खेड्यांतल्या सरकारी शाळांतल्या. त्यांना ही बातमी कोणत्या शब्दांत सांगितली गेली असेल, याचा विचार आम्ही त्या दिवशी पुष्कळ केला. चूक शोधली गेली, नव्याने उपग्रह जुळवला गेला, आणि सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच जातीच्या दुसऱ्या अग्निबाणाने 'आझादीसॅट-२' नीट कक्षेत ठेवला.

तेव्हा भगिनी, आपल्या मुलाचा डबा बोलेलच, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. तो स्वतःही देऊ शकणार नाही. हा खेळ नाही, एवढे वरील हकीकतीवरून आपल्या ध्यानात आले असेल. वर्षांच्या खात्याविषयी म्हणाल, तर मोठ्या उपग्रहाचा अभियंता बहुधा एखाद्याच भागावर आयुष्य घालवतो. आपल्या मुलाला मात्र विसाव्या-एकविसाव्या वर्षी वीज, रेडिओ, उष्णता, धातूकाम, हिशेब, आणि न ऐकणाऱ्या मित्रांकडून काम करून घेणे, हे सर्व एकाच टेबलावर करावे लागते आहे. एक गोष्ट मात्र त्याला अवश्य विचारा. विद्यार्थ्यांचे डबे बंद पडतात ते पुष्कळदा एखादा भाग वाईट असल्यामुळे नव्हे. प्रत्येक भाग वेगवेगळा पारखलेला असतो, पण सगळे एकत्र जुळवून, झाकण लावून, आतून चालणाऱ्या विजेवर आणि केवळ रेडिओने बोलत ते पुरेसे दिवस चालवून पाहिलेले नसतात. तारीख जवळ येते, आणि नेमकी ही परीक्षा आखडली जाते. म्हणून पुढच्या खेपेस दूरध्वनीवर त्याला विचारा, की बाबा, तुमचा उपग्रह हात न लावता सलग किती दिवस चालला? त्याने 'महिनाभर' म्हटले तर फराळाची तयारी करावी. 'अजून झाकण लावले नाही' म्हणाला, तर याही दिवाळीस त्याची वाट पाहू नये. चिवडा-लाडू टपालाने पाठवावेत, आणि मंडळातल्या सगळ्यांना पुरतील इतके पाठवावेत.